होस्टेलच्या नेटवर गेम सारखा अडकतो: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

मॅच अगदी रंगात आलेली असते. समोरचा खेळाडू कोपऱ्यावरून बाहेर येतो, आपण नेम धरतो आणि चित्र थिजतं. दोन सेकंदांनी सगळं एकदम पुढे धावतं तेव्हा आपला खेळाडू जमिनीवर पडलेला असतो. लगेच स्पीड टेस्ट लावली तर ती ८० एमबीपीएस दाखवते. नेट एवढं चांगलं आहे, तर हे होतं कशामुळे?

विद्यापीठाच्या होस्टेलात राहायला आल्यावर पहिलं सत्र मी याच प्रश्नात घालवलं. जो जे सांगेल ते केलं. डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलला, ‘गेम बूस्टर’ टाकले, विंडोजसुद्धा नव्याने टाकलं. कशानेच फरक पडला नाही, कारण दुखणं कुठे आहे हे न तपासता मी औषध देत होतो. शेवटी एका सीनियरने लॅपटॉपवर तीन खिडक्या उघडून तीन पिंग शेजारी शेजारी लावले आणि ते रात्रभर चालू ठेवायला सांगितलं. काही दिवसांत कळलं की माझी तक्रार एक नव्हतीच. तीन वेगवेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या होत्या आणि तिन्हींची कारणं तीन ठिकाणी होती. ती पद्धत इथे सविस्तर लिहितो आहे. सामायिक नेटवर खेळणाऱ्या कुणालाही ती वापरता येईल.

स्पीड टेस्ट चांगली, तरी गेम वाईट

गेमला डेटा फार थोडा लागतो. नेमबाजीचा ऑनलाइन गेम तासाला काही दहा एमबीपासून दोन-तीनशे एमबीपर्यंत डेटा खातो. व्हिडिओ पाहताना तेवढा काही मिनिटांत संपतो. पण गेमचा प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, वेळेवर पोचावा लागतो. ६४ टिकचा सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा खेळाची स्थिती मोजतो, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांनी एकदा. १२८ टिकच्या सर्व्हरवर हेच अंतर ७.८ मिलिसेकंद असतं. या तालात एखादा पॅकेट २०० मिलिसेकंद उशिरा आला, तर तो येऊनही उपयोगाचा राहत नाही.

स्पीड टेस्ट सांगते की तोटी केवढी मोठी आहे. धार मधेच तुटते का, हे ती सांगत नाही. त्यासाठी तीन आकडे पाहावे लागतात. पिंग म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ. जिटर म्हणजे तो वेळ किती वरखाली होतो ते. पॅकेट लॉस म्हणजे वाटेत हरवलेले पॅकेट. माझ्या मते या तिघांत जिटर सगळ्यात त्रासदायक. पिंग सतत ८० असेल तर हाताला त्याची सवय होते आणि गेमही ते सांभाळून घेतो. तोच पिंग क्षणात २० आणि क्षणात ३०० होत असेल, तर कितीही सराव असला तरी खेळता येत नाही.

तीन खिडक्यांची तपासणी

आपल्या लॅपटॉपपासून गेमच्या सर्व्हरपर्यंतची वाट टप्प्याटप्प्यांची असते. पहिला टप्पा खोलीपासून होस्टेलच्या नेटवर्कपर्यंत, दुसरा तिथून विद्यापीठाच्या बाहेरच्या दारापर्यंत, तिसरा त्या दारापासून पुढच्या इंटरनेटवर. तिन्ही टप्पे एकाच वेळी मोजले तरच दोष कुठे आहे ते कळतं. आधी एक आणि नंतर दुसरा मोजला, तर दरम्यान परिस्थिती बदललेली असते.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड द्या. त्यात ‘डीफॉल्ट गेटवे’पुढे जो पत्ता दिसतो, तो तुमचा पहिला टप्पा. मग ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्यासाठी ‘ट्रेसर्ट’ ही कमांड चालवा. मॅक आणि लिनक्सवर तिलाच ‘ट्रेसराउट’ म्हणतात. वाटेतले पत्ते एकाखाली एक येतील. सुरुवातीचे काही पत्ते १० ने, १९२.१६८ ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे असतील. हे खाजगी पत्ते, म्हणजे तुम्ही अजून विद्यापीठाच्या आतच आहात. त्यांतला शेवटचा पत्ता बहुधा बाहेरच्या दाराचा असतो. तो दुसरा टप्पा आणि ८.८.८.८ हा तिसरा.

आता तीन खिडक्यांत या तीन पत्त्यांना पिंग लावा. विंडोजवर पिंगच्या कमांडच्या शेवटी ‘-टी’ जोडलं की तुम्ही थांबवेपर्यंत ते चालू राहतं. गेम सुरू करा. अडकला की लगेच तिन्ही खिडक्या पाहा आणि घड्याळातली वेळ लिहून ठेवा.

वाचायची रीत सोपी आहे. गेटवेचा पिंगच उसळत असेल तर पुढचे दोन्ही आकडे उसळणारच, आणि दोष तुमच्या खोलीत किंवा वाय-फायमध्ये आहे. गेटवे शांत आणि दार उसळतंय, तर गर्दी विद्यापीठाच्या आत आहे. ही दोन्ही शांत असताना फक्त ८.८.८.८ उसळत असेल, तर बाहेरची जोडणी भरली आहे. तिन्ही शांत असूनही गेम अडकत असेल, तर गेमचा सर्व्हर, तिथवरची वाट किंवा तुमचाच लॅपटॉप तपासा. लॅपटॉप तापून त्याचा वेग उतरतो तेव्हाही चित्र असंच थिजतं आणि आपण नेटला दोष देतो.

केबलवर गेटवेचा पिंग एक मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी यावा. वाय-फायवर २ ते ५ उत्तम. अधूनमधून १० ते १५ झाला तरी चालतं. तिथे ८०, १५०, ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असं दिसायला लागलं, तर बाहेरच्या इंटरनेटचा विचार करण्यात अर्थ नाही.

इथे एक चूक मी केली होती. ट्रेसर्टमध्ये मधल्याच एखाद्या पत्त्यावर तारका दिसतात किंवा एकट्याचाच वेळ फार मोठा येतो, आणि आपण ठरवून टाकतो की बिघाड तिथेच आहे. पण बरेच राउटर पिंगला उत्तर देण्याचं काम सगळ्यात शेवटी करतात, काही तर मुळीच करत नाहीत. पुढचे पत्ते वेळेत उत्तर देत असतील तर मधल्या तारकांना काही अर्थ नाही. दोष तोच, जो एका टप्प्यावर सुरू होऊन शेवटपर्यंत टिकतो. तुमचा गेटवे पिंगला उत्तरच देत नसेल, तर ट्रेसर्टमधला उत्तर देणारा पहिला पत्ता घ्या.

घड्याळ काय सांगतं

अडकण्याच्या वेळा लिहायला सांगितल्या, त्या यासाठी. ठरावीक अंतराने होणारा बिघाड जवळजवळ नेहमी एखाद्या सेटिंगमुळे असतो. अनियमित बिघाडामागे हवा किंवा गर्दी असते. चार दिवसांच्या नोंदी पाहिल्यावर मला दिसलं की काही वेळा मी नुसता अडकत होतो आणि काही वेळा पूर्ण बाहेर फेकला जात होतो. बाहेर फेकलं जाण्याच्या वेळा लॉगिनपासून बरोबर दोन तासांवर होत्या. ५:१० ला लॉगिन केलं की ७:१० ला मॅच तुटणार. हा माझा पहिला दोष. नेट सुरू करायला ब्राउझरमध्ये नाव-पासवर्ड टाकायचं जे पान आमच्याकडे आहे, त्याचं सत्र दोन तासांचं होतं. ब्राउझर वापरणाऱ्याला त्याने काही होत नाही, तो पुन्हा पासवर्ड टाकतो. गेमला ते पान दिसत नाही, त्याला फक्त वाट बंद झालेली कळते. यावर माझा उपाय सरळ आहे. रँक्ड मॅच लावण्याआधी स्वतः लॉगआउट करून नव्याने लॉगिन करायचं, म्हणजे पुढचे दोन तास मोकळे.

तुमचं विद्यापीठ लॉगिन पानाऐवजी ८०२.१एक्स पद्धत देत असेल, म्हणजे वाय-फायला जोडतानाच नाव आणि पासवर्ड विचारणारी, तर तीच घ्या. एड्यूरोम हे अनेक विद्यापीठांत मिळणारं सामायिक वाय-फाय याच पद्धतीवर चालतं. तिथे पुन्हा ओळख पटवण्याचं काम यंत्र स्वतःच करतं, पान उघडावं लागत नाही.

दर मिनिटाला किंवा ठरावीक सेकंदांनी पिंग एकदाच उसळून खाली येत असेल, तर लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड आसपासची नेटवर्क शोधत असण्याची शक्यता मोठी. शोधताना ते क्षणभर आपलं चॅनेल सोडतं. विंडोजवर लोकेशन सेवा बंद करून आणि कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करून पाहा. मॅकवर एअरड्रॉपसाठी चालणारी यंत्रणा हेच करते, तेव्हा खेळताना एअरड्रॉप बंद ठेवा. लॅपटॉप चार्जिंगला नसताना वाय-फाय कार्ड वीज वाचवायला जातं, त्यामुळेही पिंग डोलतो.

अजून एक नमुना आहे. लॉबीत बसून बराच वेळ काही केलं नाही की ‘सर्व्हरशी संपर्क तुटला’ असं येतं. विद्यापीठाचा फायरवॉल, म्हणजे दारावर पहारा देणारी यंत्रणा, प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो आणि काही वेळ हालचाल दिसली नाही की ती पुसतो. यूडीपी ही पॅकेट पाठवण्याची हलकी पद्धत बहुतेक गेम वापरतात. तिच्यासाठी ही मुदत किमान दोन मिनिटं असावी असं २००७ चं आरएफसी ४७८७ हे इंटरनेटच्या नियमांचं कागदपत्र सांगतं, पण बऱ्याच ठिकाणी ती ३० सेकंदांवर ठेवलेली असते. हे तुम्हाला बदलता येत नाही, पण नेटवर्क विभागाला येतं.

वाय-फाय: निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात

निदान आमच्या मजल्यावर तरी तसं झालं. वाय-फायची अडचण अशी की हवा सगळ्यांची मिळून एकच. ढोबळमानाने एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. कोपऱ्यातल्या खोलीतला कमजोर सिग्नलचा फोन हळू बोलतो, म्हणून तेवढ्याच डेटासाठी तो हवा जास्त वेळ अडवून धरतो आणि जवळ बसलेल्या तुमचीही वाट अडते. हरवलेला पॅकेट वाय-फाय स्वतःच पुन्हा पाठवतं, म्हणून इथला दोष पॅकेट लॉसमध्ये दिसण्याआधी जिटरमध्ये दिसतो. ‘लॉस शून्य आहे, म्हणजे वाय-फाय ठीक आहे’ असं मानू नका.

सगळ्यात आधी केबल. खोलीच्या भिंतीत लॅनचं सॉकेट असेल आणि तुम्ही ते वापरत नसाल, तर आजच वापरा. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबी ॲडॅप्टर मिळतो. सॉकेट बंद असेल तर नेटवर्क विभागाकडून सुरू करून घ्यावं लागतं. काही ठिकाणी यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, नोंदवावा लागतो. केबल लावल्यावर वाय-फाय बंद करा, म्हणजे लॅपटॉप नक्की कुठल्या वाटेने जातो याबद्दल शंका राहणार नाही. जोडणीचा वेग १०० किंवा १००० एमबीपीएस दिसायला हवा. १० दिसत असेल तर केबल किंवा सॉकेट खराब आहे.

केबल शक्यच नसेल तर विंडोजवर ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही कमांड द्या. सिग्नल टक्क्यांत दिसतो. गेमसाठी तो ६५ च्या वर हवा. चॅनेल पाहा. १ ते १३ मधलं असेल तर तुम्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. ब्लूटूथ हेडफोन, वायरलेस माउस, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे याच पट्ट्यात. शेजारी लावलेली यूएसबी ३ हार्ड डिस्कसुद्धा यात आवाज सोडते. ५ गिगाहर्ट्झ मिळत असेल तर कार्डाच्या प्रगत सेटिंगमध्ये त्याला प्राधान्य द्या. ते भिंतींतून कमी जातं हे खरं, पण होस्टेलमध्ये ते सोयीचंच आहे, कारण शेजारच्यांचा गोंगाटही आपल्यापर्यंत कमी येतो.

त्याच उत्तरात ‘बीएसएसआयडी’ नावाची एक ओळ असते. तुम्ही ज्या ॲक्सेस पॉइंटशी, म्हणजे वाय-फाय पुरवणाऱ्या डबीशी, जोडलेले आहात, त्याचा तो पत्ता. माझा दुसरा दोष या ओळीने सापडला. माझी खोली दोन ॲक्सेस पॉइंटच्या बरोबर मधे येते, दोघांचाही सिग्नल सारखाच अर्धवट. लॅपटॉप एकाला सोडून दुसऱ्याला धरायचा, मग परत पहिल्याला, आणि प्रत्येक उडीत गेम थिजायचा. अडकण्याआधी आणि अडकल्यानंतर हा पत्ता वेगळा दिसला तर तुमचंही तेच होत आहे. कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘रोमिंग अग्रेसिव्हनेस’ सगळ्यात कमी केल्यावर उड्या बऱ्याच कमी झाल्या, आणि टेबल दाराजवळ सरकवल्यावर उरलेल्याही थांबल्या. विंडोजमध्ये ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ ही कमांड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली की मागच्या तीन दिवसांत वाय-फाय कधी आणि का तुटलं त्याचा अहवाल तयार होतो. मला हे सहा महिने आधी कळायला हवं होतं.

रात्री नऊनंतरची गर्दी

माझा तिसरा दोष असा होता: गेटवे शांत, दुपारी सगळंच शांत, पण रात्री नऊ ते बारा ८.८.८.८ चा पिंग १५ वरून २५०. सगळं होस्टेल त्या वेळी व्हिडिओ पाहत असतं. बाहेरची जोडणी भरते, तेव्हा राउटर जादा पॅकेट टाकून देण्याऐवजी रांगेत उभे करतो, आणि ही रांग लांबली की प्रत्येकाला उशीर होतो. याला बफरब्लोट म्हणतात. डाउनलोड करणाऱ्याला ते जाणवतही नाही. गेम खेळणारा मात्र त्या रांगेत सगळ्यांच्या मागे उभा असतो.

यावर चांगला उपाय अस्तित्वात आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही रांग आवरण्याची पद्धत मांडली आणि तिच्यावर उभी असलेली एफक्यू-कोडेल २०१८ मध्ये आरएफसी ८२९० म्हणून प्रसिद्ध झाली. ती प्रत्येकाच्या पॅकेटांची वेगळी रांग करते, त्यामुळे एकाच्या मोठ्या डाउनलोडमागे दुसऱ्याचा छोटा पॅकेट अडकत नाही. पण हे विद्यापीठाच्या राउटरवर करायचं काम आहे, आपण फक्त विनंती करू शकतो.

आपल्या हातात आहे ते आपल्या खोलीपुरतं. फोटोंचा बॅकअप खेळताना थांबवा, रूममेटलाही सांगा. अपलोड भरलं की पिंग सगळ्यात लवकर बिघडतो. विंडोजच्या अपडेट सेटिंगमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ आहे, ते इतर संगणकांना फायली पुरवत राहतं. ते बंद करा. मोठ्या गेमचे अपडेट ५० जीबीच्या पुढेही जातात. ते रात्री दहाला सुरू करणं म्हणजे मजल्यावरच्या सगळ्यांचा पिंग आपणच वाढवणं. स्टीममध्ये अपडेटची वेळ ठरवता येते, वेगाला मर्यादा घालता येते; पहाटेची वेळ द्या. २०२३ पासून स्टीम एका संगणकावरचा गेम त्याच नेटवर्कमधल्या दुसऱ्या संगणकाला थेट देऊ शकतं, म्हणजे एकाने उतरवलेला गेम शेजाऱ्याला बाहेरून पुन्हा आणायला नको.

पिंग चांगला, पण मित्र लॉबीत येत नाही

ही तक्रार पूर्ण वेगळी आहे आणि तीन खिडक्यांत ती दिसत नाही. गेम ‘एनएटी स्ट्रिक्ट’ किंवा ‘टाइप ३’ सांगतो, मित्राचा आवाज येत नाही, तुम्ही होस्ट केलेल्या गेममध्ये कुणी शिरू शकत नाही.

हे असं होतं. होस्टेलातल्या शेकडो यंत्रांना खाजगी पत्ते असतात आणि बाहेर जाताना ती सगळी मोजक्याच सार्वजनिक पत्त्यांमागे उभी राहतात. पत्त्यांच्या या वाटणीलाच एनएटी म्हणतात. आतून बाहेर जाणारा पॅकेट आपलं उत्तर परत आणू शकतो, कारण दारावर त्याची नोंद झालेली असते. बाहेरून आपणहून आलेला पॅकेट कुणाला द्यायचा हे दाराला माहीत नसतं, म्हणून तो टाकला जातो. गेम कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या गेमला याने काही होत नाही, कारण तुम्हीच आतून बाहेर जाता. खेळाडूंना एकमेकांशी थेट जोडणारे गेम मात्र अडतात; एकास एक लढतीचे बरेच गेम असे असतात. एक्सबॉक्सला यूडीपी ३०७४ हा पोर्ट, म्हणजे पत्त्यामागचा क्रमांक, हवा असतो, पण दारावरच्या एका सार्वजनिक पत्त्यावर तो एका वेळी एकालाच मिळू शकतो.

इंटरनेटवर याचा उपाय म्हणून ‘पोर्ट फॉरवर्डिंग करा’, म्हणजे बाहेरून येणारा पॅकेट आपल्याच यंत्राला द्यायला राउटरला सांगा, असं लिहिलेलं सापडेल. तो घरच्या राउटरसाठी बरोबर आहे. इथे दार विद्यापीठाचं आहे, तुमच्या खोलीतल्या राउटरवर काहीही उघडलं तरी पुढचं दार बंदच राहतं. त्यात वेळ घालवू नका.

काय चालतं ते सांगतो. विद्यापीठाबाहेर राहणाऱ्या मित्राला होस्ट करायला सांगा. त्याचा एनएटी खुला असेल तर तुमचं काम होतं. आपल्या रिले सर्व्हरमधून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, खेळाडूंना जोडणारा गेम निवडा. स्टीमची अशी यंत्रणा आहे आणि बरेच गेम ती वापरतात. तुमच्या नेटवर्कमध्ये आयपीव्ही६ ही इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत मिळत असेल तर ती चालू ठेवा, तिथे पत्त्यांची ही वाटणीच नसते, फक्त फायरवॉल उरतो. मित्र त्याच होस्टेलात असेल तर बाहेर जायचंच कशाला? त्याचा १० ने सुरू होणारा पत्ता थेट टाकून जोडून पाहा. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर सहसा टीसीपी (पॅकेट पोचल्याची खात्री करणारी पद्धत) २५५६५ हा पोर्ट वापरतो. विंडोज फायरवॉलमध्ये त्याला परवानगी द्या. गेमच्या यादीत एकमेकांचे संगणक दिसत नसतील तर घाबरू नका, ती यादी ब्रॉडकास्टवर, म्हणजे सगळ्यांना एकदम पाठवलेल्या पॅकेटवर, चालते आणि ब्रॉडकास्ट वेगवेगळ्या मजल्यांच्या नेटवर्कमधून पलीकडे जात नाही. पत्ता टाकूनही जोडलं जात नसेल तर वाय-फायवर बहुधा ‘क्लायंट आयसोलेशन’, म्हणजे यंत्रांना एकमेकांशी बोलू न देणारी सेटिंग, लावलेलं असतं. केबलवर प्रयत्न करा.

कन्सोलबद्दल थोडक्यात. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेंडो स्विच ८०२.१एक्स वाय-फायला जोडत नाहीत. त्यांचा मॅक पत्ता नोंदवून घेण्याची सोय विचारा. फोन नोंदवला आणि तरी तो जोडत नाही, असं असेल तर अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी बनावट मॅक पत्ता वापरतो हे लक्षात घ्या. त्या नेटवर्कपुरतं ते बंद करून खरा पत्ता नोंदवा.

हे करू नका

स्वतःचा राउटर भिंतीच्या सॉकेटला लावू नका. एका रात्री आमच्या पूर्ण मजल्याचं नेट गेलं. सगळ्यांचे पत्ते १० ऐवजी १९२.१६८ ने सुरू व्हायला लागले होते. कुणीतरी राउटर आणला होता आणि भिंतीतली केबल चुकून त्याच्या लॅन पोर्टात घातली होती. तो राउटर मजल्यावरच्या प्रत्येकाला स्वतःचे पत्ते वाटत सुटला. दुसऱ्या दिवशी एकाची परीक्षेची ऑनलाइन नोंदणी होती. तो मुलगा ज्या अवस्थेत खोल्या शोधत फिरत होता, ते मी विसरलेलो नाही.

लॅग कमी करायला व्हीपीएन, म्हणजे आपला डेटा दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवून नेणारी सेवा, घेऊ नका. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १००० किलोमीटर जाऊन यायलाच १० मिलिसेकंद लागतात. व्हीपीएन सहसा हे अंतर वाढवतं. मूळ वाट फार वळसा घेऊन जात असेल तरच त्याने फायदा होतो, आणि ते ट्रेसर्टमध्ये दिसलं तरच विचार करा. शिवाय बऱ्याच विद्यापीठांच्या नियमांत त्याला मनाई असते. खोलीतल्या गेमसाठी पूर्ण खातं बंद करून घेण्याइतकं ते मोलाचं नाही. डीएनएस बदलल्याने सर्व्हरचं नाव शोधायला लागणारा वेळ बदलतो, मॅचमधला पिंग नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत नेगलची, म्हणजे छोटे पॅकेट एकत्र करून पाठवण्याची, पद्धत बंद करणारे बदल फक्त टीसीपीला लागू होतात. नेमबाजीचे बहुतेक गेम यूडीपीवर चालतात.

नेटवर्क विभागाला काय लिहायचं

या विभागांवर राग काढणारे खूप भेटतात. मला त्यांची बाजूही दिसते. १९९३ च्या डिसेंबरात डूम हा नेमबाजीचा गेम आला, तेव्हा त्याची पहिली आवृत्ती ब्रॉडकास्ट पॅकेट वापरत होती. नेटवर्कमधल्या प्रत्येक संगणकाला ते हाताळावे लागायचे. काही जण खेळले तरी सगळ्यांचं काम मंदावायचं, आणि अमेरिकेतल्या कार्नेगी मेलनसारख्या विद्यापीठाने तो नेटवर्कवर खेळू नका असं सांगितलं. गेमकडे संशयाने पाहण्याची सवय तेव्हापासूनची आहे. आजचा गेम खेळताना नेटवर्कवर फारसा भार पडत नाही, पण हे त्यांना आकड्यांनी दाखवावं लागतं.

‘नेट स्लो आहे, गेम लॅग होतो’ या तक्रारीवर कुणीच काही करू शकत नाही. तारीख, वेळ, खोली, केबल की वाय-फाय, यंत्राचा मॅक पत्ता, बीएसएसआयडी आणि तिन्ही खिडक्यांचे त्या क्षणाचे आकडे लिहा. त्याखाली एकच ठोस मागणी करा: सत्राची मुदत वाढवा, यूडीपीची मुदत दोन मिनिटं करा, अमुक पोर्ट उघडा किंवा मजल्यावरच्या चॅनेलची तपासणी करा. हाच जिटर ऑनलाइन मुलाखतीत आणि व्हिडिओवरच्या तोंडी परीक्षेत आवाज तोडतो, हेही लिहा, कारण ते खरं आहे. मी असं पत्र पाठवलं तेव्हा चार दिवसांत एक जण शिडी घेऊन आला. माझ्या खोलीच्या दोन्ही बाजूंचे ॲक्सेस पॉइंट एकाच चॅनेलवर होते. त्याने एकाचं चॅनेल बदललं आणि पूर्ण मजल्याचा जिटर खाली आला. रात्रीची गर्दी मात्र तशीच आहे. त्यांचं म्हणणं, राउटर बदलल्याशिवाय ते होणार नाही.

म्हणून नऊ ते बारा या वेळेत महत्त्वाची मॅच असेल तर मी फोनचा डेटा वापरतो. फोन खिडकीत ठेवतो आणि लॅपटॉपला यूएसबी केबलने जोडतो. वाय-फाय हॉटस्पॉट सुरू करत नाही, कारण तो त्याच हवेत अजून एक चॅनेल अडवतो आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी आपल्यासारखंच खेळत असतं.